विज्ञान आणि व्यवहार : बातम्यांची थैली

दिल्लीच्या पहाडगंज भागातून एका वाचकभगिनींचे पत्र आले आहे. वडिलांच्या निधनानंतर त्यांचे कागदपत्र आवरीत असता त्यांना एक जुनी वही सापडली. वडील राजधानीतील एका संस्थेच्या संगणकविभागात नोकरीस होते आणि १९९० च्या आगेमागे आठवड्यातून दोन-तीन रात्री ते कामावरच काढीत, एवढेच कन्येला आठवते. वहीच्या एका पानावर तीन टिपणे आहेत. वर '१,००,००० / २२', त्याखाली 'रात्रीच', आणि सर्वांत खाली, दोनदा अधोरेखित केलेले, 'लाइन वाईट, २५,००० करणे'. हे आकडे पैशांचे की आणखी कशाचे, आणि त्यांच्यापायी घरच्या कर्त्या माणसाने रात्री का जागवाव्यात, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न घरगुती खरा. परंतु त्याच्या उत्तरात आपल्या देशातील संगणक-दळणवळणाचा एक विसरला गेलेला अध्याय येतो, म्हणून या वेळचे सदर त्यासच दिले आहे.

आकडे पैशांचे नव्हेत. ते बातम्यांच्या थैलीचे माप आहे.

पहाडगंजच्या रहिवाशांना थैलीची कल्पना वेगळी समजावून सांगावयास नको. नवी दिल्लीचे रेल्वेस्थानक त्यांच्या दाराशी आहे आणि टपालाच्या थैल्या गाडीत चढताना व उतरताना त्यांनी असंख्य वेळा पाहिल्या असतील. मुंबईचे एक पत्र पेटीत पडले की ते घेऊन कोणी मुंबईस धावत सुटत नाही. दिवसभराची पत्रे गोळा होतात, मुंबईची मुंबईत, नागपूरची नागपुरात अशी त्यांची वर्गवारी होते, थैलीचे तोंड बांधून लाख लावली जाते आणि गळ्यात पत्त्याची चिठ्ठी अडकवून ती गाडीच्या वेळेची वाट पाहत बसते. आगगाडीच्या डब्यातच पत्रे लावीत जाण्याची रेल्वे टपालसेवा आपल्याकडे १८६३ साली अलाहाबाद ते कानपूर या मार्गावर सुरू झाली. तिचे सारे शहाणपण एका वाक्यात येते : वाहन महाग आहे, पत्र स्वस्त आहे, तेव्हा वाहन निघेपर्यंत पत्रांनी थांबावे.

संगणकांच्या बाबतीत हेच शहाणपण अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात नव्याने शिकले गेले. तेथील बेल प्रयोगशाळेत 'युनिक्स' नावाची संगणक चालविण्याची प्रणाली तयार झाली होती. एका युनिक्स यंत्रावरील मजकूर दुसऱ्या युनिक्स यंत्रावर साध्या टेलिफोनच्या तारेने नेता यावा म्हणून माइक लेस्क यांनी १९७६ साली 'यूयूसीपी' ही व्यवस्था रचली. एका यंत्राने दुसऱ्यास फोन लावावा, नाव व परवलीचा शब्द सांगावा, तुंबलेला मजकूर द्यावा, तिकडचा घ्यावा आणि फोन ठेवावा, एवढेच तिचे स्वरूप. १९७९ मध्ये ती युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर विद्यापीठांत पोहोचली आणि त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या विद्यार्थ्यांना एक कल्पना सुचली : पत्रे जर अशी जातात, तर सार्वजनिक फलकावरील सूचना का जाऊ नयेत? शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोविन यांनी तिचा पहिला आज्ञाक्रम लिहिला. त्या फलकास 'यूजनेट' हे नाव मिळाले. आरंभी त्यात तीन यंत्रे होती आणि दिवसाला सरासरी दोन लेख येत.

यूजनेटला केंद्र नव्हते आणि मालकही नव्हता. एका संस्थेत लिहिलेला लेख तिच्या शेजारणीकडे, तेथून पुढच्या शेजारणीकडे, असा हातोहात जगभर जाई. त्यामुळे एकच लेख दोन-तीन वाटांनी परत दारी येण्याचा धोका असे. दिवाळीच्या फराळाचे ताट चार घरे फिरून पुन्हा आपल्याच घरी यावे, त्यातला प्रकार! त्यावर इलाज असा होता की प्रत्येक लेखास जगात एकमेव असा ओळखक्रमांक द्यावयाचा, आलेले क्रमांक प्रत्येक यंत्राने नोंदवून ठेवावयाचे, आणि लेखाच्या माथ्यावर तो कोणत्या यंत्रांमधून आला त्यांची नावे ओळीने लिहीत जावयाचे. क्रमांक ओळखीचा निघाला की ताट दारातूनच परत.

दिवसाला दोन लेख असताना प्रत्येक लेख सुटा पाठविला तरी चालत होते. पण १९८५ साली रोजचे ३७५ लेख झाले आणि १९८८ साली १,८००; त्यांचा एकूण भार ४० लाख अक्षरांच्या वर गेला. आता सुटा लेख पाठवावयाचा म्हणजे काय, ते पाहू. यूयूसीपीच्या रीतीने प्रत्येक लेखामागे दोन कागद तारेवरून जात : एक प्रत्यक्ष मजकुराचा आणि दुसरा 'हा मजकूर बातम्यांच्या खात्यात टाका' या हुकमाचा. प्रत्येक कागदाच्या आधी 'पाठवू का?', 'पाठवा', नंतर 'पोहोचला का?', 'पोहोचला' अशी बोलाचाली. पलीकडच्या यंत्रास प्रत्येक हुकमासाठी बातमीखात्याचा कार्यक्रम नव्याने जागा करावा लागे, तो वेगळाच. एका लेखाची सरासरी लांबी सुमारे २,२०० अक्षरे धरली, तर एक लाख अक्षरांत असे ४५ लेख होतात. ते सुटे पाठविले तर ९० कागद आणि ४५ हुकूम. एका थैलीत घातले तर दोन कागद आणि एक हुकूम. हाच तो '१,००,०००'.

थैली बांधण्याची रीत इतकी साधी आहे की ती पाहून मौज वाटते. प्रत्येक लेखाच्या आधी एक ओळ घालावयाची : 'बातमी, अमुक इतकी अक्षरे'. पलीकडचे यंत्र तेवढी अक्षरे मोजून घेते, तेथे पहिला लेख संपतो आणि पुन्हा तशीच ओळ येते. मध्ये ना कप्पे ना पडदे. धान्य मापाने ओतावे आणि मापानेच काढून घ्यावे तसे. मग ही सारी थैली दाबून लहान करतात. १९८४ साली टेरी वेल्च यांनी प्रसिद्ध केलेली दाबण्याची रीत अशी की मजकुरात पुनःपुन्हा येणाऱ्या अक्षरसमूहांस आखूड खुणा देत जावयाचे. इंग्रजी मजकूर त्यामुळे साधारण निम्मा होतो. येथे थैलीचा आणखी एक लाभ दिसून येतो. एका लहानशा लेखात पुनरुक्ती थोडी असते, त्यामुळे तो सुटा दाबला तर फारसा आकसत नाही. पंचेचाळीस लेख एकत्र आले की तेच ते शब्द वारंवार भेटतात आणि थैली चांगली दबते.

व्यवस्थापकाने करावयाच्या नेमणुकाही मोजक्याच होत्या. एका फायलीत शेजारच्या प्रत्येक यंत्रासाठी एक ओळ असे, आणि विसर्गचिन्हांनी तिचे भाग पाडलेले असत : शेजाऱ्याचे नाव, त्यास कोणते विषय द्यावयाचे ते, थैलीत भरावयाचे की सुटे द्यावयाचे त्याची खूण, आणि यादी ठेवण्याची जागा. लेख आला की त्याचे नाव त्या यादीत उतरे. टोराँटो विद्यापीठातील जेफ कॉलियर व हेन्री स्पेन्सर यांच्या 'सी न्यूज' या संचात थैलीच्या मापाची फाइल निराळी होती आणि तिच्यातील सर्वसाधारण नमुन्याची ओळच मुळी '१,००,०००, २२' या आकड्यांची होती. पहिला आकडा थैली दाबण्यापूर्वीचे माप सांगतो. दुसरा सांगतो की बावीस थैल्या न जाता पडून राहिल्या तर नवी बांधू नये. शेजाऱ्याचे यंत्र आठवडाभर बंद पडले तर आपल्याच कोठीत थैल्यांचा डोंगर होऊन इतर कामे अडावयाची, त्यावर ही खबरदारी. तेव्हा पत्रलेखिकेच्या वडिलांनी हे आकडे स्वतः शोधून काढलेले नसून सी न्यूजच्या नमुन्यावरून घेतलेले असावेत, असे अनुमान करण्यास हरकत नाही. त्यांची स्वतःची बुद्धी तिसऱ्या टिपणात आहे, आणि माझ्या मते त्या पानावरील मोलाची ओळ तीच.

ती समजण्यासाठी त्या काळची तार समजून घेतली पाहिजे. दिल्ली व मुंबई येथील दूरध्वनिव्यवस्था १ एप्रिल १९८६ रोजी महानगर टेलिफोन निगमाकडे आली. स्वदेशी एक्स्चेंज घडविणारी सी-डॉट ही संस्था १९८४ ची. फोन लागणे, लागला तर ऐकू येणे आणि ऐकू आले तर संभाषण संपेपर्यंत टिकणे, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडतीलच असे त्या दशकात कोणी गृहीत धरीत नसे. परगावच्या फोनाचे दर रात्री उशिरा पाव होत. एसटीडीच्या दुकानांपुढे जेवणानंतर लागणाऱ्या रांगा पहाडगंजच्या मेन बाजारातील जुन्या मंडळींना आठवत असतील. त्याच स्वस्त तासांची वाट यंत्रेही पाहत. यूयूसीपीच्या शेजारीसूचीत फोन क्रमांकाबरोबर 'कोणत्या वेळी फोन करावा' याचा एक रकाना असतो. त्यात रात्रीचे तास लिहिले की दिवसभर कितीही थैल्या साठल्या तरी यंत्र फोनास हात लावीत नाही. 'रात्रीच' या टिपणाचा अर्थ हा. खासगी पत्रांस मात्र बातम्यांपेक्षा वरचा दर्जा देण्याची सोय होती. फोन लागला की आधी पत्रे सुटत, मग थैल्या. ही व्यवस्था मला फार माणुसकीची वाटते.

आता हिशेब पाहा. सेकंदाला १,२०० द्विमान अंक वाहणारे मोडेम त्या वेळी सर्रास वापरात होते. एका अक्षरास आगेमागेच्या खुणांसह दहा अंक लागतात, म्हणजे सेकंदाला १२० अक्षरे. एक लाखाची थैली दाबून पन्नास हजारांची झाली, तर तिला सुमारे सात मिनिटे हवीत. शिवाय यूयूसीपी मजकुराचे चौसष्ट-चौसष्ट अक्षरांचे तुकडे करून प्रत्येकावर तपासणीचा सहा अक्षरांचा शिक्का मारते, त्याचा अंदाजे दहा टक्के भार वेगळा. तारेवर खरखर झाली तर बिघडलेला तुकडा पुन्हा मागविला जातो. तेवढ्याने बिघडत नाही. पण फोनच तुटला तर? जुन्या यूयूसीपीत अर्धी पोहोचलेली थैली तिथल्या तिथे टाकून द्यावी लागे आणि पुढच्या वेळी पहिल्या अक्षरापासून आरंभ करावा लागे.

यातून एक विलक्षण अडचण उभी राहते. समजा, एखाद्या मार्गावर फोन साधारण पाच मिनिटांत तुटतो. थैलीस सात मिनिटे लागतात. मग यंत्र रोज रात्री इमानाने फोन लावील, त्याच थैलीची पहिली पाच मिनिटे रोज पाठवील, बिल रोज वाढेल, आणि पलीकडे महिनाभरात एक अक्षरही पोहोचणार नाही. मागे पडलेल्या थैल्यांची संख्या बावीसवर गेली की नवीन बांधणेही थांबेल. सकाळी येऊन नोंदवही पाहणाऱ्यास केवळ 'फोन लागला' एवढेच वाचून समाधान मानता येत नसे, ते यासाठी. तीच थैली पंचवीस हजारांची केली तर दाबल्यावर साडेबारा हजारांची होते, पावणेदोन मिनिटांत जाते, आणि त्याच पाच मिनिटांच्या फोनात दोन थैल्या सुखरूप पार पडतात. तिसरी तेवढी वाया. म्हणजे उत्तम तारेवर जी थैली मोठी असणे किफायतीचे, तीच वाईट तारेवर लहान असणे किफायतीचे. परदेशी नमुन्याची ओळ आपल्या तारेवर जशीच्या तशी चालत नाही, हे ज्याने ओळखून एक आकडा बदलला, त्याने त्या रात्री आपल्या संस्थेचे पैसे तर वाचविलेच; परंतु तिची दारेही जगाला उघडी ठेविली. हे काम दिवसा होण्यासारखे नव्हते. तार रात्री चाले, म्हणून तिची नाडी रात्रीच पाहावी लागे.

या खटाटोपाची देशातील पार्श्वभूमीही थोडी सांगितली पाहिजे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ साली 'अर्नेट' हे शिक्षण व संशोधनाचे जाळे आरंभिले. मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, दिल्ली, मुंबई, कानपूर, खरगपूर व मद्रास येथील आयआयटी आणि स्वतः दिल्लीचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग, असे त्याचे आठ सहभागी. मुंबईचे केंद्र जुहूस होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या कुशीत वाढून ते १९८५ मध्ये स्वतंत्र झाले होते आणि श्रीनिवासन रमणी त्याचे संचालक होते. आरंभीची काही वर्षे अर्नेटची पत्रे यूयूसीपीनेच, फोन लावून जात. परदेशची वाट जुहूच्या 'शक्ती' नावाच्या यंत्रातून असे. दिल्लीतून अमेरिकेस निघालेले पत्र आधी मुंबईस जाई, हे आपल्या राजधानीच्या अभिमानास थोडे खटकणारे असले तरी खरे आहे. पुढे भाड्याच्या स्वतंत्र तारा आल्या; १९९२ पर्यंत हे आठही जण ९.६ किलोबिटच्या तारांनी जोडले गेले आणि मुंबईहून अमेरिकेतील व्हर्जिनियापर्यंत ६४ किलोबिटचा दुवा सुरू झाला. त्या ६४ किलोबिटांवर साऱ्या देशाच्या संशोधनसंस्था चालत. हे केंद्र २००२ साली सी-डॅकमध्ये विलीन झाले.

यूयूसीपीच्या जुन्या पत्त्यांची तऱ्हाही सांगण्यासारखी आहे. पत्ता म्हणजे केवळ कोणाला, एवढेच नव्हे, तर कोणकोणत्या यंत्रांतून जावयाचे ती सारी वाट पाठविणाऱ्याने स्वतः लिहावयाची, मध्ये उद्गारचिन्हे घालून. 'अमक्याच्या घरावरून, तमक्याच्या गल्लीतून, शक्तीच्या दारातून, मग रामभाऊंना' असा प्रकार. मधले एक यंत्र बंद पडले की पत्ताच चुकीचा ठरे. टपालखात्याने हा प्रश्न फार आधी सोडविला होता. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला, आणि त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतात काव्य व नाटके लिहिणारे मराठी गृहस्थ होते. पहाडगंजचे ११००५५ हे सहा अंक पत्राला वाट सांगत नाहीत, ठिकाण सांगतात. वाट खात्याने शोधावी. संगणकांच्या पत्त्यांतही पुढे हीच सुधारणा झाली आणि अर्नेटच्या पत्त्यांच्या शेवटी देशाची खूण म्हणून 'इन' ही दोन अक्षरे आली.

थैलीच्या मापाहूनही नाजूक प्रश्न होता थैलीत काय घालावयाचे, हा. १९८८ सालचे रोजचे चाळीस लाख अक्षरांचे सारे यूजनेट १,२०० अंकांच्या मोडेमवरून मागविले असते तर न दाबता नऊ तास आणि दाबून साडेचार तास, रोज, आंतरराष्ट्रीय दराने. ते परवडणारे नव्हते. म्हणून फायलीतील विषयांच्या भागात काट मारावी लागे : संगणकशास्त्र हवे, विज्ञान हवे; करमणूक नको, चित्रे व यंत्रभाषेतील कार्यक्रम नकोत. ही एक ओळ लिहिणारा मनुष्य नकळत साऱ्या संस्थेचा संपादक होऊन बसे. विद्यार्थ्यांस जगातील कोणता वाद ऐकू यावा आणि कोणता येऊ नये, हे बहुधा कोणत्याही समितीने ठरविले नाही. ते बिलाने ठरविले आणि त्या मनुष्याने लिहिले. काटकसरीत अन्याय होतोच असे नाही, पण तो झाला तर दिसत नाही. जो विषय मागविलाच नाही, त्याची उणीव कोणाला भासणार?

परदेशातील आपल्या लोकांची स्थिती याच्या उलट होती. अमेरिकेतील विद्यापीठांत शिकणाऱ्या भारतीय मुलांना यूजनेट विनामूल्य मिळे. भारतीय समाज व संस्कृतीच्या गटावर ती मुले रात्रंदिवस वाद घालीत, आणि पुढे मराठीचाही स्वतंत्र गट निघाला. देवनागरी अक्षरे त्या तारेवरून जात नसत, म्हणून मराठी रोमन लिपीत लिहावी लागे. तिचे देवनागरीत रूपांतर करणारा 'आयट्रान्स' हा कार्यक्रम अविनाश चोपडे यांनी १९९१ साली सिद्ध केला.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट खुले केले आणि थैलीचे महत्त्व ओसरले. मेन बाजारात जेथे एसटीडीच्या पाट्या होत्या तेथे काही वर्षांत इंटरनेटच्या पाट्या लागल्या. तरी थैलीचे तत्त्व मेले नाही. २००३ च्या सुमारास कर्नाटकात दोड्डबल्लापूर तालुक्यात 'डाकनेट' नावाचा प्रयोग झाला. गावातील केंद्रात जमिनीच्या नोंदींच्या मागण्या साठवून ठेवावयाच्या, आणि बिनतारी उपकरण बसविलेली एसटीसारखी बस गावातून जाताना त्या उचलून तालुक्याच्या ठिकाणी पोहोचवी. परतताना उत्तरे आणी. तार नव्हती, बस होती. तेव्हा बसने थैली नेली. अंतराळयानांशी संदेशांची देवघेव करण्यासाठी आखलेल्या पद्धतीतही संदेश वाटेत साठवून, दुवा जुळला की पुढे देतात.

यूजनेटचा जन्म जेथे झाला त्या ड्यूक विद्यापीठाने आपले बातमीयंत्र मे २०१० मध्ये बंद केले, आणि गुगलने २२ फेब्रुवारी २०२४ पासून यूजनेटचे नवे लेख घेणे थांबविले. जुने तेवढे वाचावयास ठेवले आहेत. तथापि बातम्या वाहणारा 'आयएनएन' हा संच अद्याप सांभाळला जातो, आणि यूयूसीपीने पाठविण्यासाठी थैली बांधण्याची सोय त्यातून कोणी काढून टाकलेली नाही. शेजाऱ्याच्या नावापुढे थैलीचे माप लिहिण्याची जागाही तेथे आहे.